चित्राशेजारचा मजकूर: वेगवेगळ्या ब्राउझरांत फ्लोट कसा वागतो आणि मराठी पानावर फरक कुठे पडतो

मजकूरमांडणी (धागाकर्ता)

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर जुन्या अंकांतील निवडक लेख, लेखकांची छायाचित्रे आणि मुखपृष्ठांच्या प्रतिमा आहेत. यातली बरीच पाने इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात तयार झाली. त्यांत चित्राच्या टॅगमध्येच 'अलाइन=लेफ्ट' (चित्र डावीकडे) आणि 'एचस्पेस=१०' (दोन्ही बाजूंना १० पिक्सेल मोकळी जागा) असे लिहिलेले आहे. नंतर ज्यांनी काम पाहिले त्यांनी काही पाने सीएसएसमधल्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) 'फ्लोट: लेफ्ट'वर, म्हणजे चित्र डाव्या कडेला लावून मजकूर त्याच्याभोवती वाहू देणाऱ्या सूचनेवर, नेली, त्यामुळे आज दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत.

अडचण अशी आहे की तेच पान विंडोजवरील क्रोममध्ये, लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये आणि आयफोनवरील सफारीमध्ये वेगवेगळे दिसते. एका ठिकाणी परिच्छेदाची शेवटची ओळ छायाचित्राखाली एकटीच जाऊन पडते. दुसऱ्या ठिकाणी परिच्छेद छायाचित्राच्या उंचीतच संपतो आणि पुढच्या लेखाचे शीर्षक वर सरकून चित्राला चिकटते. ओळीच्या मध्ये घातलेली छोटी चिन्हे अक्षरांच्या मानाने खाली बसलेली दिसतात, आणि जिथे छायाचित्राशेजारी क्रमांकित यादी येते तिथे यादीतले आकडे चित्रावर चढतात. हे सगळे ब्राउझरांमधल्या मतभेदांमुळे होते, की आमच्या मांडणीत काही राहून गेले आहे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी पळवाट लिहून ठेवण्याची माझी इच्छा नाही.

जुना संकेतक

मतभेद होते, ते खरे होते, आणि तुमच्या स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या फाइलीत) त्यांचे अवशेष नक्की सापडतील. म्हणून आधी जुनी बाजू सांगतो.

मूळ एचटीएमएलमध्ये चित्र हे ओळीतल्या एखाद्या मोठ्या अक्षरासारखे होते. ते वर, मध्ये किंवा खाली धरता येई, पण त्याच्या बाजूने मजकूर वाहत नसे. चित्र कडेला लावून मजकूर त्याच्याभोवती वळवण्याची सोय नेटस्केपने १९९४ मध्ये आपल्या पहिल्याच आवृत्तीत आणली, त्याबरोबर एचस्पेस, व्हीस्पेस (वर-खाली मोकळी जागा) आणि ओळ चित्राखाली ढकलणारा 'बीआर क्लिअर' हेही आले. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ ने ही सोय प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच्या आधीच, डिसेंबर १९९६ मध्ये, सीएसएसची पहिली पातळी 'फ्लोट' आणि 'क्लिअर' घेऊन आली होती, आणि एचटीएमएल ४ पासून 'अलाइन' वापरू नका असे सांगितले जाऊ लागले. असे असले तरी आजचे प्रमाण ब्राउझरांना स्पष्ट सांगते की चित्रावर 'अलाइन=लेफ्ट' दिसले तर ते 'फ्लोट: लेफ्ट' समजा. म्हणजे तुमची जुनी पाने आणि सुधारलेली पाने आज एकाच यंत्रणेतून जातात, आणि डाव्या-उजव्या बाजूंपुरता त्यांत फरक पडायला नको.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ मात्र खरोखर वेगळा वागत असे. डावीकडे फ्लोट केलेल्या चित्राला डाव्याच बाजूने २० पिक्सेल मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) दिली आणि ते चौकटीच्या कडेला पहिले असले, तर तो ती मार्जिन दुप्पट, म्हणजे ४० पिक्सेल करत असे. फ्लोटशेजारच्या चौकटीतल्या मजकुरात तो आपल्या मनाने ३ पिक्सेल अंतर घाली आणि फ्लोट संपताच ते काढून घेई, त्यामुळे परिच्छेदाची डावी कड मध्येच मोडल्यासारखी दिसे. मजकूर आधी आणि उजवीकडचा फ्लोट नंतर लिहिला असेल तर सहावी आणि सातवी या दोन्ही आवृत्त्या तो फ्लोट पुढच्या ओळीवर टाकत. क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या पानांसाठी ठेवलेल्या जुन्या वागणुकीत, चौकटीची रुंदी मोजताना पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) आणि किनार आतच धरली जाई, आणि पानाच्या सुरुवातीला डॉकटाइप (पान कोणत्या प्रमाणाचे ते सांगणारी ओळ) नसला की हा मोड आपोआप लागू होई. २००९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने यातले बहुतेक सगळे निस्तरले.

तुमच्या स्टाइलशीटमध्ये फ्लोट केलेल्या चित्रावर 'डिस्प्ले: इनलाइन' दिसेल, तो दुप्पट मार्जिनवरचा उपाय होता. फ्लोट झालेली वस्तू मुळातच ब्लॉक (ओळीत न बसता स्वतंत्र चौकट) होत असल्यामुळे ती ओळ आज निरुपद्रवी आहे. 'झूम: १'चेही तसेच. पण 'हाइट: १%' मात्र शोधून काढा, कारण उंची ठरवलेल्या चौकटीच्या आत ती आजही प्रामाणिकपणे एक टक्काच उंची देते.

टक्क्यांच्या रुंदीबद्दलही सांगायला हवे. ५० पिक्सेलच्या चौकटीत प्रत्येकी २५ टक्क्यांच्या चार वस्तू ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेबारा पिक्सेल येतात. सहाव्या-सातव्या एक्सप्लोररने त्याचे १३ केले, बेरीज ५२ झाली आणि चौथी वस्तू खाली पडली. तेव्हाच्या सफारीने आणि ऑपेराने १२ केले आणि उजवीकडे दोन पिक्सेलची फट राहिली. फायरफॉक्सने काहींना १२, काहींना १३ देऊन बेरीज जुळवली. आज क्रोम आणि सफारी पिक्सेलचा चौसष्टावा भाग मोजतात, फायरफॉक्स साठावा भाग मोजतो, आणि चार चित्रांची रांग सगळीकडे एका ओळीत बसते.

शिरोरेघ

वरचा इतिहास नेमका आहे. त्यापुढे माझे म्हणणे असे की तुम्हाला आज जो फरक दिसतो आहे तो फ्लोटचा नाही. तो ओळीचा आहे, आणि मराठी पानावर तो इंग्रजी पानापेक्षा अधिक ठळक होतो.

फ्लोटचा नियम सोपा आहे. चित्राच्या बाहेरच्या चौकटीशी, म्हणजे मार्जिनसह धरलेल्या चौकटीशी, जी ओळ उंचीत थोडीशीही छेदते ती आखूड होते, आणि जी छेदत नाही ती पूर्ण रुंदीची होते. चित्र १८० पिक्सेल उंच आणि खालची मार्जिन १२ असेल तर एकूण १९२ पिक्सेल झाले. ओळ २४ पिक्सेलची असेल तर बरोबर आठ ओळी चित्राशेजारी बसतील. ओळ ३२ पिक्सेलची असेल तर सहा बसतील. आणि २४ च्याच ओळीत मार्जिन एका पिक्सेलने वाढली तर त्या एका पिक्सेलपायी नववी ओळही आखूड होईल, मग चित्राखाली जवळजवळ अख्ख्या ओळीएवढी पोकळी दिसेल. तुमच्याकडे शीर्षक कधी चित्राला चिकटते आणि कधी शेवटची ओळ एकटी खाली जाते, ते या हिशेबामुळे.

मग ओळीची उंची यंत्रागणिक का बदलते? तुमच्या पानावर 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) दिलेली नसावी, किंवा 'नॉर्मल' असावी. 'नॉर्मल' म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेली मापे. स्टाइलशीटमध्ये एरियल लिहिले असले तरी एरियलमध्ये देवनागरी नाही, म्हणून ब्राउझर यंत्रावरचा दुसरा फॉन्ट शोधतो. जुन्या विंडोजवर तो मंगल असतो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, अँड्रॉइडवर नोटो, आणि ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर किंवा देवनागरी संगम. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांच्या शेपट्या यांना जागा लागते म्हणून हे फॉन्ट बऱ्यापैकी उंच असतात, आणि प्रत्येकाने ती जागा आपापल्या अंदाजाने सोडलेली असते. त्यामुळे १६ पिक्सेलचा तोच मजकूर एका यंत्रावर बुटक्या ओळीत बसतो आणि दुसऱ्यावर उंच ओळीत.

'लाइन-हाइट'ला एकक न लावता १.६ किंवा १.७ असा आकडा द्या. असा आकडा दिला की ओळीची उंची अक्षराच्या आकारावरून ठरते आणि बदली फॉन्टच्या मापांना त्यात फारसा वाव राहत नाही. शब्दांची रुंदी मात्र फॉन्टप्रमाणे वेगळीच राहील, म्हणून ओळ नेमकी त्याच शब्दावर सगळीकडे तुटणार नाही. तेही हवे असेल तर देवनागरी वेबफॉन्ट पानासोबत द्यावा लागेल.

आता छोटी चिन्हे खाली का बसतात ते सांगतो. 'व्हर्टिकल-अलाइन: मिडल' या सूचनेत चित्राचा मध्य आधाररेषेच्या (रोमन अक्षरे जिच्यावर बसतात त्या रेषेच्या) वर, रोमन लिपीतल्या छोट्या एक्स या अक्षराच्या निम्म्या उंचीवर धरला जातो. २० पिक्सेलच्या अक्षरात ही उंची साधारण १० धरली तर चिन्हाचा मध्य आधाररेषेपासून ५ पिक्सेल वर येतो. आपले अक्षर मात्र शिरोरेघेला टांगलेले असते. शिरोरेघ समजा १४ पिक्सेलवर असेल तर 'क' किंवा 'म'चा दिसणारा मध्य ७ पिक्सेलवर येतो, आणि चिन्ह दोन पिक्सेल खाली गेल्यासारखे वाटते. यात कोणत्याही ब्राउझरची चूक नाही. मोजपट्टीच दुसऱ्या लिपीची आहे. त्यातही हे माप पहिल्या उपलब्ध फॉन्टचे घेतात, म्हणजे अक्षरे मंगलची आणि माप एरियलचे अशी गाठ पडते. तुम्ही वेबफॉन्ट देणार असाल तर एक काळजी घ्या. ज्या फॉन्टची व्याप्ती फक्त यू+०९०० ते यू+०९७एफ (युनिकोडमधला देवनागरीचा भाग) अशी बांधलेली असेल आणि तिच्यात रिकाम्या जागेचे चिन्ह नसेल, तो फॉन्ट यादीत पहिला लिहिला तरी नियमाप्रमाणे पहिला उपलब्ध फॉन्ट ठरत नाही.

चिन्हांसाठी मी स्वतः 'मिडल' टाळतो आणि 'व्हर्टिकल-अलाइन'ला एमच्या एककात (एक एम म्हणजे अक्षराचा आकार) एक लहान ऋण आकडा देतो, उदाहरणार्थ उणे ०.१ एम, आणि फॉन्ट पाहून तो जुळवतो. जुन्या पानांवरचे 'अलाइन=मिडल' आणखी वेगळे आहे. त्यात चित्राचा मध्य थेट आधाररेषेवरच धरला जातो. म्हणून ते काढून त्याच्या जागी सीएसएसचे 'मिडल' घातले की चित्र किंचित वर उडी मारते. ज्यांनी तुमची काही पाने सुधारली त्यांच्या हातून निम्मी चिन्हे एका उंचीवर आणि निम्मी दुसऱ्या उंचीवर राहिली असतील तर त्याचे कारण हेच आहे.

मजकूरमांडणी

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. 'लाइन-हाइट' १.७ करताच क्रोम आणि फायरफॉक्स यांच्यातला ओळींचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. क्रमांकित यादीचे आकडे मात्र अजूनही छायाचित्रावर चढत आहेत, आणि ते सगळ्याच ब्राउझरांत सारखे चढत आहेत. शीर्षकाखालची रेघही चित्राच्या मागून पार डाव्या कडेपर्यंत जाते.

रिकामी चौकट

सगळीकडे सारखे दिसते आहे यातच उत्तर आहे. फ्लोट फक्त ओळींना आखूड करतो, चौकटींना नाही. परिच्छेद, यादी किंवा शीर्षक यांची चौकट चित्र जणू नाहीच अशी पूर्ण रुंदीची राहते आणि चित्राच्या खालून जाते. म्हणून शीर्षकाची रेघ चित्रामागून डाव्या कडेला भिडते. यादीतला मजकूर ओळीत असतो म्हणून तो बाजूला सरकतो, पण आकडा ओळीच्या बाहेर डावीकडे लटकत असतो, आणि तिथे आता चित्र आहे. यादीला डावीकडे दिलेले ४० पिक्सेलचे पॅडिंगही चित्राच्या खालीच गडप झालेले असते.

यादीला 'डिस्प्ले: फ्लो-रूट' द्या. मग ती यादी स्वतःचा वेगळा मांडणी-संदर्भ तयार करते, तिची अख्खी चौकट चित्राच्या शेजारी सरकते आणि पॅडिंग दिसू लागते. हा गुणधर्म क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०१७ मध्ये आला, सफारीमध्ये २०१९ मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टचा एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, गेल्यावर २०२० मध्ये तिथेही पोहोचला. त्याआधी याच कामासाठी 'ओव्हरफ्लो: हिडन' वापरत, पण त्यात कडेबाहेर गेलेली मात्रा किंवा सावली कापली जाण्याचा धोका असे.

लेखाच्या मुख्य चौकटीलाही तेच द्या. आतले चित्र मजकुरापेक्षा उंच असले तर चौकट त्याला पोटात घेईल, आणि पुढच्या लेखाचे शीर्षक वर चढणार नाही. जुन्या स्टाइलशीटमध्ये याच कामासाठी 'क्लिअरफिक्स' नावाचा वर्ग असेल, तो मग काढता येईल.

विकिसंपादिका

मराठी विकिपीडियावर याच नियमाचा आणखी एक परिणाम रोज दिसतो, म्हणून लिहिते. लेखाच्या उजवीकडे लांबलचक माहितीचौकट असते. तिच्या पाठोपाठ कुणी 'इवलेसे' आणि 'उजवे' असे लिहून एक चित्र घालतो, आणि लगेच पुढच्या परिच्छेदाशी 'डावे' लिहून दुसरे. उजवे चित्र माहितीचौकटीच्या खाली जाऊन बसते, हे अपेक्षितच आहे. पण डावे चित्रसुद्धा आपल्या परिच्छेदाजवळ न थांबता खूप खाली जाते, आणि डावीकडे सगळी जागा रिकामी दिसत असताना ते का खाली गेले हे नव्या संपादकाला कळत नाही.

कारण असे की सीएसएसच्या नियमानुसार कोणत्याही फ्लोटची वरची कड संहितेत त्याच्या आधी आलेल्या फ्लोटच्या वरच्या कडेपेक्षा वर जाऊ शकत नाही, मग तो आधीचा फ्लोट दुसऱ्या बाजूचा का असेना. उजवे चित्र माहितीचौकटीने खाली ढकलले, आणि त्याने डाव्या चित्राला आपल्या पातळीवर ओढले. फायरफॉक्स, क्रोम, सफारी सगळे हा नियम सारखाच पाळतात, म्हणून ब्राउझर बदलून उपयोग होत नाही. डावे चित्र संहितेत उजव्याच्या आधी लिहिणे किंवा उजवे चित्र पुढच्या विभागात नेणे, हाच उपाय आहे. रुंद पडद्यावर परिच्छेद आखूड होतात आणि चित्रांचा ढीग अधिक वाढतो, तेव्हा लेख जतन करण्याआधी दोन-तीन रुंदींवर पाहावा अशी माझी विनंती असते.

नवी मांडणी

मला मूळ दिशेबद्दलच शंका आहे. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड ही रकान्यांत मांडणी करण्याची सीएसएसची साधने सगळ्या ब्राउझरांत स्थिरावली असताना आपण अजून फ्लोट का सांभाळतो? चित्र एका रकान्यात, मजकूर दुसऱ्या रकान्यात ठेवला की यादीचे आकडे, शीर्षकाची रेघ, खाली पडणारे चौथे चित्र, यातला एकही प्रश्न उरत नाही.

जुना संकेतक

मुखपृष्ठांच्या रांगेसाठी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. तिथे ग्रिडच हवी. रकाने पाडण्यासाठी फ्लोट वापरण्याची वेळ आली ती दुसरे साधन नव्हते म्हणून.

पण लेखाच्या सुरुवातीला लेखकाचे छायाचित्र असावे, मजकूर त्याच्या उजवीकडून खाली यावा आणि छायाचित्र संपताच पुन्हा पूर्ण रुंदी घ्यावी, ही मांडणी फ्लेक्स किंवा ग्रिडमध्ये होत नाही. तिथे छायाचित्राखालचा रकाना लेख संपेपर्यंत रिकामाच राहतो. छापील मासिकातली ही जुनी आणि सुंदर सवय जपायची असेल तर साधन फ्लोटच आहे. चित्राच्या आकाराप्रमाणे मजकूर गोलाईने वळवणारा 'शेप-आउटसाइड'ही फक्त फ्लोटवरच चालतो. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून.

फ्लेक्सचेही स्वतःचे प्रश्न आहेत. फ्लेक्सच्या थेट आतल्या वस्तूवर फ्लोट दिला तर तो दुर्लक्षिला जातो. आणि चित्र थेट फ्लेक्समध्ये ठेवून त्याची उंची मोकळी सोडली की ते शेजारच्या मजकुराच्या उंचीइतके ताणले जाते, लेखकाचा चेहरा लांबट होतो. 'अलाइन-आयटम्स: फ्लेक्स-स्टार्ट' दिल्याशिवाय ते थांबत नाही.

टपालपत्रक

दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांना मी ईमेलने पत्रक पाठवते, त्या बाजूने एक सावधगिरी सुचवते. जुने 'अलाइन=लेफ्ट' सगळीकडून पुसून टाकू नका. विंडोजवरील आउटलुक २००७ पासून ईमेल दाखवण्यासाठी वर्डची यंत्रणा वापरू लागले, आणि त्या यंत्रणेला सीएसएसमधला 'फ्लोट' समजत नाही. चित्रावरचा 'अलाइन' मात्र समजतो. संकेतस्थळाचा लेख तसाच्या तसा ईमेलमध्ये घातला तर फ्लोट केलेले छायाचित्र एकटे वर आणि सगळा मजकूर त्याच्या खाली, असे वर्गणीदारांना दिसते. म्हणून ईमेलच्या साच्यात मी 'अलाइन', 'एचस्पेस' आणि 'व्हीस्पेस' तिन्ही मुद्दाम ठेवते. वर शैलीच्या ओळीत फ्लोटही लिहिते, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्यांनाही तेच दिसते.

मजकूरमांडणी

ही माहिती वेळेवर मिळाली, कारण आमची मासिक सूचना ईमेलनेच जाते आणि मी साचाही बदलायला घेतला होता. आता छायाचित्रे फ्लोटवरच ठेवतो, मुखपृष्ठांची रांग ग्रिडवर नेतो, आणि यादी व लेखाची चौकट यांना फ्लो-रूट लावतो. मोबाइलचा प्रश्न उरला आहे. तिथे छायाचित्राशेजारी एकेका शब्दाच्या ओळी होतात, आणि पान उघडताना मजकूर एकदा उडी मारतो.

शिरोरेघ

३६० पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही कडांची १६-१६ वजा केली की ३२८ राहतात. त्यातून २०० चे चित्र आणि १६ ची मार्जिन गेली की मजकुराला ११२ पिक्सेल उरतात. १८ पिक्सेलच्या अक्षरात 'संपादकमंडळातल्यांनी'सारखा शब्द तिथे मावत नाही, आणि न मावणारा शब्द नियमाप्रमाणे जागा मिळेपर्यंत खाली सरकतो, म्हणून चित्राशेजारी भोके पडतात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे मराठीत असे लांब शब्द सारखे येतात. दोन्ही कडा जुळवण्याची सूचना दिलेली असेल तर या अरुंद भागात शब्दांमधली अंतरेही बेसुमार वाढतात. मी ४८० पिक्सेलच्या खाली फ्लोट काढून टाकतो आणि चित्र ब्लॉक करून, डावी-उजवी मार्जिन 'ऑटो' देऊन मध्ये घेतो. चित्राशेजारी मजकुराला किमान दहा-बारा एम रुंदी मिळत नसेल तर तिथे फ्लोट ठेवू नये, असे माझे मत आहे.

उडीचे कारण वेगळे आहे. चित्र उतरेपर्यंत ब्राउझरला त्याचे माप माहीत नसते, म्हणून मजकूर आधी पूर्ण रुंदीत मांडला जातो आणि चित्र आले की सगळ्या ओळी पुन्हा तुटतात. चित्राच्या टॅगमध्ये 'विड्थ' आणि 'हाइट' हे दोन्ही मूळ पिक्सेलमध्ये लिहा आणि सीएसएसमध्ये 'मॅक्स-विड्थ: १००%' व 'हाइट: ऑटो' ठेवा. २०१९ च्या डिसेंबरपासून फायरफॉक्स आणि क्रोम या दोन आकड्यांवरून चित्राचे प्रमाण काढून जागा आधीच राखतात, सफारी २०२० पासून. तुमच्या सर्वात जुन्या पानांवर हे आकडे बहुधा आधीच असतील, कारण तेव्हा ते लिहिण्याची पद्धत होती. नंतर सुधारलेल्या पानांवर आधी पाहा.